मेळघाटच्या घळींतली पायपीट

मेळघाटातली घळ म्हणजे नाल्याने दोन कड्यांच्या मधून कोरून काढलेली खोल, अरुंद वाट. कुठे ती बैलगाडी फिरावी इतकी रुंद असते, तर कुठे दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटे लागतात. तळाशी गोटे, वाळू, डोह आणि पुराने आणून अडकवलेली झाडांची खोडे. बाजूंना काळ्या दगडाचे कडे आणि त्यांच्या फटींत मुळे रोवून उभे राहिलेले उंबर. पायी गस्त, वाघांची मोजणी, उन्हाळ्यातल्या पाणवठ्यांची पाहणी, वणव्याचा शोध या कामांचा मोठा भाग अशा घळींतून चालत होतो. सफारीची गाडी जिथून वळते, तिथून पुढचे बहुतेक मेळघाट पायांनीच पाहावे लागते.

अमरावतीच्या पश्चिमेला असलेल्या भातकुली तालुक्यातल्या माणसाला हा प्रदेश परका वाटतो. पावसाळा सरल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली की त्याच्या वावरातून उत्तरेकडे डोंगरांची निळी ओळ दिसते. ओळख बहुधा तेवढीच. भातकुलीची जमीन पूर्णेने आणलेल्या गाळाची. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे, त्यामुळे वावरात नांगराला गोटा लागत नाही आणि विहीर खणताना कातळ लागत नाही. लागते ते खारे पाणी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांना पसरलेला हा खारपाणपट्टा. इथला माणूस काळ्या चिखलातून चालण्यात तरबेज असतो. पायाला दोन-दोन किलो माती चिकटली तरी तो धुऱ्याने तोल सांभाळत जातो. पण दगडावरून चालण्याची त्याला सवय नसते. वनरक्षक, शिक्षक, आरोग्यसेवक किंवा पाहणी करणारा विद्यार्थी म्हणून तो मेळघाटात जातो, तेव्हा पहिल्या महिन्यात त्याला चालणे नव्याने शिकावे लागते.

या घळी नेमक्या इथेच का आहेत, याचे उत्तर डोंगराच्या पायथ्याशी आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लागतो तिथे मैदान एकदम संपते आणि डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. मधल्या टेकड्या, चढउतार असे फारसे काही नाही. या पायथ्याला धरून पूर्व-पश्चिम असा एक मोठा भ्रंश जातो. भूगर्भशास्त्रात त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. त्याच्या उत्तरेचा भाग वर उचलला गेला, दक्षिणेचा खचला आणि खचलेल्या भागात गाळ साचत जाऊन पूर्णेचे खोरे भरले. म्हणजे भातकुलीच्या सपाट वावराखाली जो कातळ खोल दडला आहे, त्याच जातीचा कातळ डोंगरात उघडा पडला आहे. चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे आणि वैराटचे टोक ११७८ मीटरवर. एवढ्या उंचीवरून थोड्या अंतरात खाली यायचे असल्याने पाण्याला वेग मिळतो आणि ते कातळ कापत जाते.

हा कातळ एकसंध नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. काही थर घट्ट, काळे, घणाच्या घावाला दाद न देणारे, तर काही पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. त्या पोकळ्यांत पुढे पांढऱ्या गारगोट्या तयार झाल्या. दोन थरांच्या मध्ये कधी लाल, भाजलेल्या मातीसारखा पट्टा असतो. पाणी ठिसूळ थर पटकन खाते आणि घट्ट थरावर अडते. म्हणून घळीचा तळ उतारासारखा नसतो, जिन्यासारखा असतो: थोडी सपाटी, मग एकदम उभा टप्पा, टप्प्याखाली डोह, पुन्हा सपाटी. पावसाळ्यात या प्रत्येक टप्प्यावर धबधबा असतो. घट्ट कातळात गोट्यांच्या घुसळणीने रांजणखळगे पडतात; काहींत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते.

चालणाऱ्याला हे शास्त्र उपयोगी पडते. टप्पा दिसला की त्याच्या कडेला ठिसूळ थर कुठे आहे ते शोधायचे. चढायची-उतरायची जागा बहुधा तिथेच सापडते, कारण तिथे खाचा पडलेल्या असतात. पण त्याच थरातला दगड हातात निघूनही येतो. म्हणून जुने लोक आधी मुठीने ठोकून पाहतात, मगच त्यावर भार टाकतात. भरीव आवाज आला तर पाय, पोकळ आला तर दुसरी जागा.

पाणलोटाच्या दोन बाजूंच्या घळींचे स्वभाव वेगळे आहेत. उत्तरेला वाहणाऱ्या सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या डोंगरातून लांबवर फिरत तापीला मिळतात. त्यांच्या घळी लांब, वळणावळणांच्या, मोठ्या डोहांच्या. सेमाडोहसारखी गावांची नावे त्या डोहांची आठवण ठेवून आहेत. कोलकासच्या विश्रामगृहाखाली सिपनेचे जे वळण दिसते, ते या नद्यांच्या चालीचा उत्तम नमुना आहे. दक्षिणेला उतरणाऱ्या चंद्रभागा, सापन, शहानूर, वान यांच्या घळी आखूड आणि उभ्या. त्यांना कड्यावरून थेट मैदानात यायचे असते. चिखलदऱ्याचे भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल या ठिकाणांवरून पर्यटक जी दरी पाहतात ती या दुसऱ्या जातीची. भीमाने कीचकाला मारून याच दरीत टाकले आणि कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, अशी लोककथा आहे. ही कथा कुठून आली असेल ते दरीच्या कड्यावर उभे राहिले की पटते.

घळीत जाण्याचा हंगाम पाऊस ठरवतो. पूर्णेच्या मैदानात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. चिखलदऱ्यावर जवळपास त्याच्या दुप्पट. जून ते सप्टेंबर घळ पाण्याची असते, माणसाने तिथे जाऊ नये. धोका असा, की वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली ऊन असते. लोंढा येण्याआधी पाणी थोडे गढूळ होते, त्यावर काड्या-पाने दिसू लागतात, वाऱ्यात ओल्या मातीचा वास येतो आणि दूरवर गाडी चालल्यासारखा घरघराट ऐकू येतो. हा आवाज ओळखायला शिकलेला माणूस बरोबरच्यांना काही न सांगता हाताला धरून वर खेचतो. पाणी दिसेपर्यंत थांबणाऱ्याला वेळ उरत नाही. घळीच्या भिंतींवर डोक्याच्या बरेच वर अडकलेले गवत आणि फांद्या दिसतात. मागच्या पुराची उंची त्यावरून कळते. घळीत शिरताना वर पाहून ती रेषा आधी शोधावी, हा पहिला धडा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळते, पण गवत पुरुषभर वाढलेले असते आणि वेलींवर खाजकुयलीच्या शेंगा लोंबतात. तिची लव अंगाला लागली की दिवस वाया जातो. कुसळे मोज्यांत शिरतात आणि संध्याकाळी वनखात्याच्या संरक्षण कुटीवर बसून एकेक काढण्यात तास जातो. खरे काम डिसेंबरपासून सुरू होते आणि मेपर्यंत चालते. मार्चमध्ये साग उघडाबोडका होतो, पळस पेटतो, कुसुमाला तांबडी पालवी फुटते आणि उतारावरचे सगळे जंगल पिवळे, करडे पडते. घळ मात्र हिरवी राहते. जांभूळ, अर्जुन, आंबा, करंज, उंबर ही झाडे तळाची ओल धरून असतात. वर चाळीस-बेचाळीस अंश तापमान असताना घळीत उतरले की अंगावर गारवा येतो. जनावरेही याच सावलीला येतात. म्हणूनच घळीत माणसाने सावध असावे लागते.

नव्या माणसाचा पहिला दिवस बहुधा एकाच तऱ्हेने जातो. पहाटे संरक्षण कुटीवरून निघताना तो मोठ्या ढांगा टाकतो. बरोबरचा कोरकू वनमजूर मागून संथ येतो. गोट्यांच्या पट्ट्यात शिरल्यावर नवा माणूस दर पावलाला गोटा निवडतो, थांबतो, उडी मारतो, पुन्हा निवडतो. तासाभरात त्याच्या पिंढऱ्या भरून येतात. वनमजूर त्याच्या पुढे निघून गेलेला असतो, कुठे उडी न मारता. त्याचे पाऊल पूर्ण तळव्याने पडते, गुडघा किंचित वाकलेला असतो आणि नजर पायाखालच्या गोट्यावर नसते. चार-पाच पावले पुढची वाट तो आधीच निवडून ठेवतो. गोटा हलला तरी तोवर त्याचे वजन पुढच्या गोट्यावर गेलेले असते. चिखलात पाय रोवून चालणाऱ्याची सवय याच्या अगदी उलट: तो प्रत्येक पावलाला थांबून खात्री करतो. गोट्यावर थांबणे म्हणजेच घसरणे. हे समजायला दिवस लागतो, पायांना पटायला महिना.

दगडाचा रंग वाचणेही असेच शिकावे लागते. कोरडा करडा कातळ पाय धरतो. गडद काळा म्हणजे ओला, तरी एक वेळ चालेल. पण काळ्यावर हिरवट झाक असेल तर ते शेवाळ, आणि ते वाळून पापडी धरल्यावर अधिक फसवते, कारण वरून कोरडे दिसते आणि पायाखाली सुटते. वाळलेल्या पानांच्या थराखाली काय आहे हे काठीने टोचून पाहिल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. तिथे फट असते, नाहीतर घोणस. काठी दोन्ही कामांना लागते. ती बांबूची, खांद्याइतकी उंच असावी. लोखंडी टोकाची काठी दगडावर खणखणते आणि अर्धा किलोमीटर पुढच्या जनावराला वर्दी देते.

घळीत कान आणि नाक यांच्यावर विश्वास ठेवताना मोठी काळजी घ्यावी लागते. पंचबोलला आवाज दिला की तो पाच वेळा परत येतो म्हणतात; ठिकाणाचे नाव त्यावरूनच पडले. कडे जवळजवळ असले की प्रत्येक घळीत थोड्याफार प्रमाणात हेच होते. सांबराची हाक डावीकडून आली असे वाटते आणि सांबर उजव्या उतारावर असते. म्हणून पहिल्या हाकेवरून दिशा ठरवायची नाही. थांबायचे, दुसरी हाक येऊ द्यायची, आणि तिच्याबरोबर माकडे किंवा मोर ओरडतात का ते ऐकायचे. वाऱ्याचा मात्र नेम असतो. दिवस तापला की घळीतून वारा वर चढतो, संध्याकाळनंतर तो वरून खाली उतरू लागतो. सकाळी उशिरा खालून वर जाणाऱ्या माणसाचा वास त्याच्या आधी पुढे पोचतो आणि जनावर बाजूला होते. वरून खाली उतरणाऱ्याचा वास मागे राहतो आणि वळणावर दोघांची गाठ पडते.

ही गाठ कोणाशी पडू नये असे विचारले, तर घळीत काम करणारे बहुतेक लोक वाघाचे नाव घेत नाहीत, अस्वलाचे घेतात. वाघाला माणूस आधी कळतो आणि तो टळतो. अस्वल दुपारी कपारीत झोपलेले असते, त्याची नजर अधू, आणि दचकले की ते पळण्याआधी अंगावर येते. म्हणून कपारींच्या पट्ट्यातून जाताना गप्प चालण्याचा नियम मोडायचा: खाकरायचे, काठी झाडावर आपटायची, मोठ्याने बोलायचे. वाटेत मोहाची, बोराची किंवा जांभळाची बियाळ विष्ठा ताजी दिसली, तर कपारीकडे न जाता नाल्याच्या मधून जायचे. दुसरी भीती आग्या मोहोळाची. कड्याच्या पुढे आलेल्या छपराखाली मधमाश्यांची काळी पोळी ओळीने लोंबतात. त्यांच्याखाली विडी-काडी नाही, अत्तर नाही, आरडाओरड नाही. पळायला घळीत जागा नसते, हे लक्षात ठेवावे.

डोहांबद्दलही एक खबरदारी आहे. सिद्धूकुंड, खापरा नदीतले हातीकुंड आणि डोलार नदी या ठिकाणी मार्च १९९० आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये मगरी सोडण्यात आल्या. एप्रिलच्या दुपारी हिरवेगार, गार पाणी समोर असताना त्यात न उतरणे कठीण जाते. तरी उतरायचे नाही. पिण्याचे पाणी हवे असेल तर डोहाच्या खालच्या अंगाला वाळूत हातभर झिरा खणायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि नंतर झिरपून आलेले निवळ पाणी ओंजळीने घ्यायचे. खारपाणपट्ट्यातून आलेल्या माणसाला हे पाणी पहिल्यांदा पिताना त्याची गोडी वेगळीच जाणवते. लहानपणापासून त्याच्या गावात गोड्या पाण्यासाठी टँकरची, नळाची वाट पाहिलेली असते; इथे ते हाताने उकरून मिळते.

घळींचे महत्त्व सगळ्यात जास्त कळते ते वाघांच्या मोजणीत. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. १९७४ पासून तो अस्तित्वात आहे आणि आज त्याचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, ३६१ चौरस किलोमीटरचे. पूर्वी ठशांवर काच ठेवून रेखाटन करत, प्लास्टरचे साचे घेत आणि त्यावरून वाघ मोजत. सरिस्का व्याघ्रप्रकल्पातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर ही पद्धत बाजूला पडली. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर एकाच रीतीने मोजणी होते. त्यात प्रत्येक बीटात, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, तीन दिवस किमान पाच-पाच किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या आणि पुढचे तीन दिवस दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून चालत तृणभक्षी मोजायचे, असा नियम आहे. खुणांच्या वाटा निवडताना नाल्यांना पहिला मान असतो. वाघही माणसासारखाच सोयीची वाट धरतो आणि या डोंगरात सोयीची वाट म्हणजे नाल्याची वाळू.

घळीच्या तोंडाशी जिथे पाणी संथ होते तिथे बारीक वाळूचा पट्टा साचतो. सकाळी तिरपे ऊन पडलेले असताना तो पाहावा. रात्रीत गेलेल्या प्रत्येकाची नोंद त्यावर असते. साळिंदराचे काटे ओढल्याच्या बारीक रेघा, रानडुकराचे खुर, मोराची तीन बोटे, आणि त्यांच्यावरून पडलेला वाघाचा पंजा. ताज्या ठशाची कड धारदार असते. वाळूचे कण कडेवर उभे असतात, फुंकर घातली तरी पडतील असे. तासाभराने वाऱ्याने कड गोल होते. दव पडण्याआधीचा ठसा आतून खरबरीत दिसतो, नंतरचा गुळगुळीत. आणि पाण्याला लागून ठसा असेल, त्यात अजून पाणी झिरपून भरत असेल, तर बोलणे बंद करून उभे राहायचे. असा ठसा पाहिलेला माणूस नोंदवहीत वेळ लिहिताना हाताला कंप सुटल्याचे कबूल करतो. त्यात कमीपणा काही नाही.

अशा वाटांवरच कॅमेरे लावतात: समोरासमोर दोन, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे वाघाच्या दोन्ही अंगांचे पट्टे एकदम टिपले जातात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे ओळख पक्की होते. पण घळीत यंत्रांच्या मर्यादाही उघड्या पडतात. दोन कड्यांच्या मधून आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते, तिथे जीपीएसला पुरेसे उपग्रह मिळत नाहीत आणि नकाशावरची आपली जागा भलतीकडे दिसते. बिनतारी संचही मुका होतो. कोणी घसरून पाय मोडला तर एकाने जखमीजवळ थांबायचे आणि दुसऱ्याने कड्यावर चढून संदेश द्यायचा. म्हणून घळीत दोघांनी जाणेही कमीच, तिघे असावेत.

इथे यंत्रांपेक्षा कोरकूंचे ज्ञान भरवशाचे ठरते. कोरकू भाषा मुंडा कुळातली. तिच्या कुळातल्या बहुतेक भाषा पूर्व भारतात बोलल्या जातात. ही त्यांतली सर्वांत पश्चिमेची. कोरकूत सिपना म्हणजे साग, कुला म्हणजे वाघ. या लोकांच्या घळींतल्या वाटा मोहफुले, तेंदू, मध, मासे, गुरे आणि सोयरिकी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या आहेत. कोणत्या टप्प्याला वळसा आहे, कोणता झिरा मेमध्येही आटत नाही, कोणत्या कपारीत दरवर्षी अस्वल असते, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते. गेल्या दोन-अडीच दशकांत कोहा, कुंड, बोरी यांच्यापासून सुरुवात होऊन गाभ्यातली अनेक गावे बाहेर वसवली गेली. उठलेल्या गावांच्या जागी गवताळ कुरणे झाली, त्यांवर हरीण-गवे आले, वाघाला मोकळीक मिळाली. हे चांगले झाले आणि ते मान्य केले पाहिजे. पण गावांबरोबर वाटा जाणणारी माणसेही मैदानात गेली. त्यांच्या मुलांना त्या वाटा आता ठाऊक नाहीत. आज गस्तीत असलेले वयस्क वनमजूर निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून झऱ्यांची, कपारींची, वळशांची नावे उतरवून घेणे हे मोजणीइतकेच निकडीचे काम आहे. ते कॅमेरे करू शकणार नाहीत.

या घळींनी इतिहासातही माणसाला पायी उतरवले आहे. गाविलगडचा किल्ला कड्यांनी आणि दऱ्यांनीच राखलेला. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांच्या या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगर आणि घळींतून स्वतः रस्ता करत जड तोफा जवळजवळ संपूर्ण अंतर माणसांच्या हातांनी ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरची भिंत फुटली, तेव्हा आत आलेल्या सैनिकांना आतला किल्ला आणखी एका खोल घळीपलीकडे दिसला. ती घळ ओलांडून शिड्या लावल्यावरच किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वऱ्हाड सोडावा लागला. आज त्या घळीच्या काठावर उभे राहून पाहिले तर तोफा ओढणाऱ्यांच्या कष्टांची थोडी कल्पना येते. रिकाम्या हाताने उतरायलाही इथे दम लागतो. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचीही हीच तऱ्हा. १४८७ चा महाकाली दरवाजा पाहायला जाणारे पुष्कळ आहेत. त्याच्या खालच्या दऱ्यांत उतरणारे थोडे.

पायी चालण्याने काय हाती लागू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण याच डोंगरांच्या पूर्वेकडचे आहे. २००७ च्या जानेवारीत अमरावती-मोर्शीकडचे काही निसर्गप्रेमी डॉ. विजय इंगोले यांच्याबरोबर सातपुड्याच्या दऱ्यांत फिरत होते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात धारूळ गावाजवळ त्यांना प्रागैतिहासिक चित्रे असलेला शैलाश्रय सापडला. पुढच्या काही वर्षांत शोध घेत गेल्यावर त्याच भागातल्या अंबादेवी परिसरात असे आणखी कितीतरी शैलाश्रय उजेडात आले. हत्ती, हरणे, माणसे, कोरलेल्या आकृती असा तो ठेवा आहे. इथला दगड बेसॉल्ट नसून वालुकाश्म, म्हणून त्यात पुढे आलेली छपरे आणि रंग धरणाऱ्या भिंती तयार झाल्या. ही मंडळी व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हती. सुटीच्या दिवशी दरीत उतरायचे, कड्याच्या कडेने चालायचे, प्रत्येक कपारीत डोकावायचे, एवढाच त्यांचा क्रम होता. जवळच्या सालबर्डीच्या परिसरात तर डायनोसोरांचे जीवाश्म मिळाले आहेत. महाशिवरात्रीला तिथल्या गुहेतल्या महादेवाला जाणारा भाविक त्याच खडकांवरून चालत जातो.

सर्वसाधारण माणसाला या घळी पाहायच्या असतील तर मार्ग आहेत. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात परवानगीशिवाय पायी फिरणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. चिखलदऱ्याचा परिसर, गाविलगड, शहानूरकडून नरनाळा, वनखात्याने आखलेल्या निसर्गवाटा, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला मिळणारा निसर्गानुभव, एवढे पुष्कळ होते. बरोबर स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याला त्याच्या ज्ञानाचे पैसे द्यावेत. घासाघीस करू नये. पावसाळ्यात धबधब्याखाली उतरू नये. दरवर्षी कोणी ना कोणी कड्याच्या टोकावर फोटो काढताना घसरतो आणि त्याला वर काढायला गावचीच पोरे दोर लावून उतरतात.

आणि प्लास्टिक. चिखलदऱ्याच्या कड्यावरून फेकलेली बाटली पहिल्या पावसात चंद्रभागेच्या घळीत येते, तिथून मैदानात. ही नदी, सापन, शहानूर, वान, सगळ्यांचे पाणी शेवटी पूर्णेला मिळते. त्यांच्यावर बांधलेल्या धरणांतून खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांच्या नळाला पाणी येते. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. गाडगेबाबांच्या सुरुवातीच्या कामाचे हे ठिकाण. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते आणि लोक नदीत स्नान करतात. त्या पाण्यात डोंगराचा वाटा आहे. तेव्हा चिखलदऱ्याला जाणाऱ्या मैदानातल्या माणसाने आपली रिकामी बाटली पिशवीत घालून घरी परत आणावी.